तेविसावी सही खोडा : हेल्मेटसक्तीविरोधी निवेदन घेऊन फिरणाऱ्या मंडळींस खुले पत्र

आमच्या पेठेतल्या समस्त काका, दादा आणि भाऊ मंडळींना,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला तुमच्यापैकी दोघे आमच्याकडे येऊन गेलात. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दार यांनी उघडलं. मी खाली येईपर्यंत तुमचं काम झालं होतं, तुम्ही जिना उतरत होतात. "वहिनी, नानांनी सही दिलीय हं," असं जाता जाता सांगितलंत. टीपॉयवर तुमचं पिवळं पत्रक होतं. वर 'हेल्मेटसक्ती हटवा' हा मथळा, खाली सात मुद्दे आणि मधोमध 2019 मधला तो फोटो. पुणेरी पगड्या घातलेली दहा-बारा माणसं. त्यात डावीकडून तिसरे आमचे हे.

तुम्ही गेल्यावर यांनी तो फोटो मला दाखवला. बोट ठेवून म्हणाले, "हा बघ, अगदी माझ्यासारखा दिसतोय."

म्हणून हे पत्र. तुमच्या कट्ट्यावर येऊन बोलता आलं असतं, पण चार माणसांत मला रडू येईल, मग तुम्ही पाणी आणाल, "धीर धरा वहिनी" म्हणाल आणि विषय तिथेच संपेल. शिवाय तुम्ही पत्रक घरोघर वाटलंत, तेव्हा उत्तरही चारचौघांत दिलेलं बरं.

आधी फोटोबद्दल. 2019 चं नवीन वर्ष उजाडलं तेच हेल्मेटच्या कारवाईनं. शहरात ठिकठिकाणी विरोध झाला, लोक पगड्या घालून रस्त्यावर उतरले, टीव्हीवर झळकले. हेही गेले होते. मी काही अडवलं नव्हतं, उलट पोहे खाऊन जा म्हटलं. हेल्मेटमधून सूट कायद्यानं पगडी बांधणाऱ्या शिखांना दिली आहे, पुणेरी पगडीला दिलेली नाही, असं मी तेव्हा यांना चिडवलं होतं. तो विनोद यांनी पुढे आठ दिवस भेटेल त्याला ऐकवला. थोडक्यात, आम्ही तुमच्यातलेच. हे पत्र कुणा उपऱ्यानं पुणेकरांना दिलेला उपदेश नाही, एवढं आधी समजून घ्या.

त्याच महिन्यात पावती फाटू नये म्हणून हेल्मेट घेतलं. चांगलं, शिक्क्याचं. ते डिकीत गेलं ते तिथंच राहिलं.

10 ऑगस्ट 2022. नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. संध्याकाळी सहाला हे नारळ आणायला निघाले. बाजार घरापासून एक किलोमीटरसुद्धा नाही, एरवी चालतच जायचे. मीच म्हटलं, गाडी घेऊन जा, मी चहा टाकतेय. डिकीतून हेल्मेट काढायचं तर आधी रेनकोट, मग कागदपत्रांची पिशवी, मग फडकं, एवढं सगळं बाहेर काढावं लागतं. कोपऱ्यापर्यंत जायला कोण काढतं? तुम्हीही काढत नाही.

येताना चौकाच्या अलीकडे एक मुलगा राँग साइडनं आला. पुढून वळून यायला दोनशे मीटर जास्त पडले असते, ते वाचवायला. धडक म्हणावी अशी धडकसुद्धा नव्हती, आरशाला आरसा लागला. दोन्ही गाड्यांचं नुकसान पंचनाम्यात 'किरकोळ' असं लिहिलंय. हे डाव्या कुशीवर पडले आणि डोकं फूटपाथच्या कडेवर आपटलं. डाव्या हाताची करंगळी मोडली, कोपर खरचटलं. मानेखाली बाकी सगळं शाबूत. पिशवीतले दोन्ही नारळसुद्धा.

त्या मुलाबद्दल मला राग आहे, तो जाईल असं वाटत नाही. पण हे पत्र त्याला नाही.

यांना उचललं एका रिक्षावाल्यानं. बाकीची मंडळी मोबाईल उंच धरून उभी होती. हे मला कसं कळलं, तर तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्याच गल्लीच्या ग्रुपवर आला. त्याखाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. रिक्षावाल्यानं यांना दवाखान्यात पोचवलं, नारळाची पिशवी काउंटरवर ठेवली आणि नाव न सांगता गेला. पोलीस नंतर हेलपाटे घालायला लावतील ही त्याची भीती. खरं तर मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही आणि दवाखान्याला त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं हे 2016 मध्ये बंधनकारक केलं, 2019 च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ म्हणून आलं. घरोघर पत्रकंच वाटायची हौस असेल तर हे छापा की. त्या माणसाला मी तीन वर्षं शोधतेय. खाकी शर्ट आणि पुढच्या काचेवर स्वामींचा फोटो, एवढ्यावर या शहरात रिक्षावाला सापडत नाही.

दवाखान्यात मला पहिला प्रश्न विचारला तो नावाचा, दुसरा वयाचा आणि तिसरा, "हेल्मेट होतं का?" मी म्हटलं, "हो, डिकीत आहे." लिहून घेणाऱ्या सिस्टरनं मानसुद्धा वर केली नाही. त्यानंतरचे सत्तावीस दिवस मी आयसीयूच्या बाहेर त्या निळ्या खुर्च्यांवर काढले आणि तोच प्रश्न इतरांना विचारलेला ऐकत राहिले. सातारा, सोलापूर, नगरकडून रात्री-अपरात्री माणसं यायची. हेल्मेट होतं का? घरी होतं. आरशाला अडकवलं होतं. मागे बसला होता ना, चालवणाऱ्याचं होतं. पट्टा लावला नव्हता, उडून गेलं. बारामतीकडच्या एका बाईचा बावीस वर्षांचा मुलगा होता. ती दर वेळी सांगायची, "दिवाळीला घेऊन देणार होतो." आम्ही दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायचो. ती एका पहाटे निघून गेली. डबा माझ्याकडेच राहिला आहे.

तिथं भिंतीवर टीव्ही होता. गौरीपूजनाचा दिवस, रविवार, 4 सप्टेंबर. बाहेर ढोल वाजत होते आणि टीव्हीवर बातमी आली की सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. खुर्च्यांवरचे सगळे बघत होते. एक गृहस्थ म्हणाले, "मागे कोण लावतं पट्टा?" ज्यांचा माणूस आत व्हेंटिलेटरवर आहे ते हे बोलत होते. मला तेव्हा कळलं, आपल्या लोकांना काही माहीत नाही असं नाहीये. माहीत सगळं आहे. ते आपल्याला लागू आहे असं वाटत नाही.

आता तुमच्या सात मुद्द्यांकडे वळते. मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे पेपर तपासायची सवय आहे. क्रम मात्र माझा.

'शहरात वाहनांचा वेगच नसतो, हेल्मेटची गरज महामार्गावर.' हा तुमचा लाडका मुद्दा, म्हणून जरा सविस्तर. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. नातवंडाचं पुस्तक काढा. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेपाच मीटर, म्हणजे ताशी एकोणीस-वीस किलोमीटर. हे गाडी उभी असताना, बरं का. सिग्नलला थांबलात, पाय घसरला, कलंडलात, तरी डोकं ताशी वीसच्या वेगानं रस्त्यावर येतं. गाडी चालत असेल तर तिचा वेग आणखी वेगळा. हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा थर असतो तो आपटल्यावर चेपतो, आणि त्या चेपण्यात धक्क्याचा जोर जिरतो. कवटीला चेपायची सोय नाही. आमच्या यांचा वेग त्या वेळी पंचवीस असेल. हातात गिअरची गाडीसुद्धा नव्हती.

'मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही.' हेल्मेटचं वजन साधारण सव्वा किलोच्या आसपास असतं. केसांबद्दल मी बोलत नाही, तुमच्यातल्या बहुतेकांना तो प्रश्न उरलेला नाही. आणि हॉर्न ऐकू येत नाही अशी या शहरात सोय होणार असेल तर मी दोन हेल्मेटं घालीन.

मान दुखते यावर मात्र एक गोष्ट सांगायची आहे, ती तुम्हाला कुणाला माहीत नाही. कारण त्या काळात मी कुणाला घरी येऊ दिलं नव्हतं.

डोक्याला मार लागला की आत मेंदू सुजतो. त्याला सुजायला जागा मिळावी म्हणून डॉक्टर कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात. तळहाताएवढा. तो फेकत नाहीत. यांच्याच पोटाच्या कातडीखाली, उजव्या बाजूला, शिवून ठेवला होता. मी यांना पुसून घ्यायचे तेव्हा हाताला लागायचा, खिशात डबी असावी तसा. डोक्याच्या डाव्या बाजूला त्या जागी नुसती कातडी आणि खाली मेंदू. श्वासाबरोबर ती हलताना दिसायची. तिथं दुसरा मार लागला असता तर सगळंच संपलं असतं, म्हणून तो तुकडा परत बसवेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, डॉक्टरांची सक्त ताकीद होती : बिछान्यातून उठताना, चालताना, संडासला जाताना डोक्यावर हेल्मेट हवंच. फोमचं, मऊ, हनुवटीखाली पट्टा. फिजिओथेरपिस्ट दारात आला की आधी पट्टा तपासायचा.

तर मंडळी, तुमच्या फोटोतला डावीकडून तिसरा माणूस अडीच महिने स्वतःच्या घरात, स्वयंपाकघर ते न्हाणीघर, हेल्मेट घालून फिरत होता. मान दुखल्याची तक्रार त्यानं एकदाही केली नाही. तेव्हा त्याला बोलताच येत नव्हतं म्हणा.

'सक्ती नको, प्रबोधन हवे.' मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम 129 हे 1988 चं आहे. तेव्हा जन्मलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना गाडीवर पुढे उभं करून शाळेत सोडतात. अजून किती प्रबोधन? 2016 मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा झाली, ती थोड्याच दिवसांत गुंडाळली. 2024 च्या नोव्हेंबरात मागे बसणाऱ्यांवरही कारवाई करा असे आदेश निघाले, त्यावर तुम्ही 'नवा जुलूम' म्हणून ओरडलात. त्यात नवं काही नाही, मागे बसणारा कायद्यात आधीपासून आहे. आणि सक्तीचं तुम्हाला एवढं वावडं कधीपासून? 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' ही पाटी तुमच्यापैकी कुणाच्या दारावर आहे ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यात प्रबोधन कुठे दिसलं नाही मला.

'हेल्मेट कंपन्यांचे हित जपले जाते.' असेलही. चपलांच्या कंपन्यांचंही जपलं जातं, म्हणून आपण अनवाणी फिरत नाही. रस्त्याच्या कडेला जी स्वस्तातली टोपी मिळते, तिच्यावर ओरडा की. 1 जून 2021 पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. तरी ती टोपी मिळते, पोलिसाच्या दहा पावलांवर मिळते, आणि आपल्याकडची शहाणीसुरती माणसं पावती वाचवायला ती घेतात. त्यावर पत्रक काढा, मी वाटायला येते.

'आधी खड्डे बुजवा.' इथं मी तुमच्या बाजूची आहे, पूर्ण. पण मग निवेदन त्याचं काढा ना. 2019 च्या दुरुस्तीत कलम 198-अ आहे. रस्ता ठरलेल्या मानकाप्रमाणे न बांधणाऱ्या, न राखणाऱ्या ठेकेदाराला, सल्लागाराला, यंत्रणेला त्यापायी कुणी मेलं किंवा अपंग झालं तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम हास्यास्पद आहे, पण कलम तर आहे. तुमच्या सात मुद्द्यांत त्याचं नाव नाही. खड्डे तुम्हाला फक्त हेल्मेटपुढे ढाल म्हणून हवे आहेत, असं मला वाटायला लागलंय. खड्डा असलेल्या रस्त्यावर तर डोकं जास्तच झाकायला हवं, की नाही?

स्त्रियांच्या अंबाड्याचा मुद्दा मी सोडून देते. आपल्या मुली स्कार्फ, गॉगल, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे घालून गाडी चालवतात, उन्हाचा एक किरण आत जात नाही. कातडी काळवंडू नये म्हणून एवढा बंदोबस्त करता येतो तर अंबाडा थोडा खाली बांधता येईल.

राहिला शेवटचा, जाड ठशात छापलेला : 'आमचे डोके, आमची मर्जी.'

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारी अहवालातला आकडा आहे. त्यातली 50,029 दुचाकीवरची, हेल्मेट न घातलेली. त्यांपैकी 14,337 मागे बसलेली. हे आकडे तुम्ही ऐकले असतील, मेलेल्यांचे आकडे सगळे सांगतात. मी त्याच अहवालातल्या दुसऱ्या रकान्याकडे बघते : जखमी, 4,43,366. आमचे हे त्या रकान्यात आहेत. 'वाचले' त्यांत. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणाला, थोडक्यात वाचले, देवाची कृपा. कुणी वेळ वाईट होती म्हणालं, कुणी साडेसाती काढली. एका बाईंनी अंगारा आणला. एकानंही त्या डिकीतल्या हेल्मेटबद्दल अवाक्षर काढलं नाही, दुःखात डागणी नको म्हणून. तो भलेपणाच होता, मान्य आहे. पण म्हणून तर दर वेळी सगळं नशिबाच्या खात्यावर जातं आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसं हेल्मेट कोपरात अडकवून चौकापर्यंत जातात, पोलीस दिसला की चढवतात.

वाचणं म्हणजे काय ते सांगते. हे अकाउंटंट होते. तीन आकडी रकमांचा उभा रकाना नुसत्या नजरेनं बेरजेत यायचा. आता भाजीवाल्यानं पन्नासच्या नोटेवर किती परत दिले ते कळत नाही. वास येत नाही, वास नेणारे तंतू तुटले ते यांचे परत जोडले गेले नाहीत. मागच्या थंडीत दूध करपून पातेलं काळं झालं, हे शेजारच्या खोलीत पेपर धरून बसले होते. म्हणून मी आता गॅसची खटकी बाहेर जाताना बंद करते, दर वेळी, खाली उतरल्यावर परत वर जाऊन बघते. फिट येऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या. गाडी चालवायची नाही. उजवा हात थरथरतो. रागवायचे नाहीत कधी, आता भाजीत मीठ कमी पडलं तर ताट ढकलतात आणि पाच मिनिटांनी मीच का रडतेय असं मला विचारतात. आणि समोर कागद धरला, इथं सही करा म्हटलं, की करतात. कशावरही. बँकेनं म्हणूनच सगळं माझ्या नावावर करायला लावलं.

मुलीला बंगळुरूत नोकरी लागली होती. ती गेली नाही. तिच्या डोक्याबद्दल 'मर्जी' कुणी विचारली नाही.

बिल अकरा लाखांच्या वर गेलं, विमा पाचाचा होता. 2025 च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत बिनपैशाचा उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू झाली आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आमच्या वेळी नव्हती. भरपाईचा दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, 2022 पासूनचा नियम. पहिले चार महिने मला वार आठवत नव्हता, पाचव्यात कुणीतरी सांगितलं म्हणून धावतपळत केला. तिथं विमा कंपनीच्या वकिलांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? तोच. सिस्टरनं विचारलेला. हेल्मेट नव्हतं, मार डोक्यालाच आहे, म्हणजे काही दोष तुमच्याकडेही येतो, असं त्यांचं म्हणणं. दावा अजून चालू आहे. तारखेला मी जाते तेव्हा यांच्याजवळ बसायला माणूस शोधावा लागतो.

हेल्मेटनं सगळे वाचतात असं मी म्हणत नाही. ट्रकखाली आलेल्याला काय करायचंय त्याचं. पण जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासलेला एक जुना, गाजलेला निष्कर्ष आहे : हेल्मेटनं मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे 69 टक्क्यांनी कमी होते. शंभरातले एकोणसत्तर. आमचं माप त्यात बसलं असतं की नाही, हा हिशेब मी रात्री करते. उत्तर मिळत नाही, आणि चहा टाकतेय असं मी का म्हटलं इथं येऊन तो थांबतो.

पोलीस चौकीतून गाडी सोडवून आणली ती सव्वीसाव्या दिवशी, मुलीनं. आरसा तुटलेला, एक ओरखडा. तिनं डिकी उघडली. रेनकोट, कागदपत्रं, फडकं आणि खाली कापडी पिशवीत हेल्मेट. काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा काढलेला नव्हता. ती तिथंच पार्किंगमध्ये खाली बसली. ते हेल्मेट आता ती वापरते. पापुद्रा तिनं काढला.

माझ्या मागण्या फार नाहीत.

पहिली, तो फोटो पत्रकावरून काढा. नवीन छपाईचा खर्च असेल तर मी देते. त्या फोटोतल्या माणसाला तुम्ही विचारायला हवं होतं आणि विचारून उपयोग नव्हता हे तुम्हाला दिसायला हवं होतं.

दुसरी, निवेदन मागे घ्या. ते जमत नसेल, तुमची मतं ठाम असतील, तर निदान माझ्यासमोर बसून एकदा बोला. मी त्या खुर्च्यांवर तुम्हाला घेऊन जाईन. आत सोडत नाहीत, बाहेर बसता येतं. एक दुपार. सात मुद्दे तिथं वाचून दाखवा.

तिसरी ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांना. चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्यानं हेल्मेट लागतं. आपल्या गल्लीतून सकाळी सात वाजता शाळेला निघणाऱ्या गाड्या मी खिडकीतून मोजल्या, चार दिवस. एकाही पोराच्या डोक्यावर काही नव्हतं. दप्तराला मात्र पावसाचं कव्हर होतं. एवढ्या मुलांची हेल्मेटं आपल्या गणपतीच्या वर्गणीतून येऊ शकतात. एका स्पीकरचं भाडं वाचवा.

चौथी मागणी मला सगळ्यात जास्त हवी आहे आणि मागताना सगळ्यात लाज वाटते. तुमच्यापैकी बहुतेक जण निवृत्त आहात, सकाळी दहा ते बारा कट्ट्यावर असता. आठवड्यातून एक दिवस कुणीतरी येऊन यांच्याजवळ बसा. बँकेत, दाव्याच्या तारखेला, दाढदुखीला मला जाता येईल. फार बोलावं लागत नाही. जुन्या क्रिकेटचं काढलंत तर यांचं लक्ष लागतं, गावसकरांचं विशेष. "कसं झालं हो?" एवढं मात्र विचारू नका. ते मी आजवर कितीदा सांगितलं ते मोजायचं सोडून दिलंय.

आणि ती सही. तुम्ही गेल्यावर मी मुलीला तुमच्या मागे पाठवलं होतं. तिला तुम्ही कागद दाखवलात, पण खोडायला दिलं नाहीत, "एकदा केलेली सही सही असते" म्हणालात. दुसरं पान, तेविसावी ओळ. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलंय, शोधायला त्रास पडणार नाही. ती खोडा आणि खोडलेल्या पानाचा फोटो मला पाठवा. किंवा कागद घेऊनच या. बुधवारी अकरानंतर मी घरी असते, जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून चढा.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी